एउआ बेटावरचा माणूस

वायमोआनाला टोंगात कोण ओळखत नाही? चेहऱ्याने नाही ओळखलं तरी आवाजाने ओळखतातच. बुधवारी सकाळी रेडिओवर प्रार्थना होते, हवामान सांगून होतं, कुठली बोट कधी सुटणार ते सांगून होतं, आणि मग ही बाई येते आणि अख्ख्या देशाला विचारते, "काय मंडळी, परसाकडे जाऊन आलात का? आणि आलात तर वळून बघितलंत का?"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा एका पाद्रीबाबांच्या हातून चहाचा कप सुटला म्हणतात. खरं-खोटं देव जाणे. पण पुढच्या बुधवारी तेच पाद्रीबाबा रेडिओजवळ खुर्ची ओढून बसले होते, हे त्यांच्या बायकोनेच गावभर सांगितलं. आमच्या लोकांना हसायला फार आवडतं आणि वायमोआनाने त्यांना फुकटात हसायला दिलं. काव्हा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं गुंगीचं पेय, प्यायला पुरुष एकत्र बसत, त्या बैठकीत ते तिची नक्कल करत. कटोरा पुढे सरकवताना एखादा बायकी आवाज काढून विचारी, "वळून बघितलंत का?" आणि सगळे मांड्या बडवून हसत. तिला हे कळायचं. ती म्हणायची, "हसू देत. हसताना तरी लक्षात राहतं."

ती दवाखान्यात नर्स होती आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची माणसं तिच्याकडे सोपवलेली असत. डॉक्टरांनी तो शब्द एकदा उच्चारला की माणसाला त्यापुढचं काही ऐकू येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती त्या माणसाला बाहेर फणसाच्या जातीतल्या त्या मोठ्या ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली आणून बसवायची, आधी नारळ फोडून द्यायची, आणि मग डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायची. आतड्याचा किती तुकडा काढतील, आतड्याचं तोंड पोटावर काढून मळासाठी पिशवी का लावतात, ती कायमची का थोड्या दिवसांची, काय खायचं, बायकोजवळ कसं निजायचं. जे विचारायला लाज वाटते ते ती आपणहून सांगून टाकायची. माणूस मान खाली घालून ऐकायचा आणि जाताना तिचा हात दोन्ही हातांत धरायचा.

एक गोष्ट तिने स्वतःच्या डोक्याने सुरू केली होती. आमच्याकडे चर्चला, मयताला, लग्नाला, कुठेही मानाने जायचं तर कमरेला विणलेली चटई गुंडाळावी लागते आणि वरून काथ्याची दोरी आवळावी लागते. चटई नाही तर माणूस उघडाच. आता पोटावरची पिशवी नेमकी त्या दोरीखाली आली तर? म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती रोग्याला सांगायची, "रविवारी चर्चला जाता तसे नेसून या." मग त्याला बसवून, उभं करून, वाकवून, दोरी कुठे बसते ते बघायची आणि शाईने पोटावर खूण करायची. डॉक्टर त्या खुणेवरच पिशवीची जागा धरत. आपल्याला हे कसं सुचलं नाही म्हणून ते हसत, आणि तीही हसायची.

उआइसेले नावाचे एक म्हातारे प्रवचनकार होते. पिशवी लागल्यावर त्यांनी चर्चला जायचंच सोडलं. ती घरी गेली तर म्हणाले, "वायमोआना, प्रार्थना चालू असताना हिचा आवाज झाला तर?"

"मग बँडच्या शेजारी बसा की."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्याकडून आवाज आला तर लोक म्हणतील, तुतारीवाल्याचं आज काही खरं नाही."

म्हातारबुवा हसता हसता रडले, आणि त्या रविवारपासून बँडच्या बाजूला जाऊन बसायला लागले.

एवढ्या मोकळ्या तोंडाच्या या बाईला एका माणसापुढे मात्र यातलं अवाक्षर काढता येत नव्हतं. तो तिचा सख्खा धाकटा भाऊ, कलाफी.

भाऊ वयात आला की त्याचं अंथरूण घराबाहेरच्या खोपटात जातं. तिथून पुढे बहिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, तिच्या चटईवर बसायचं नाही, तिच्यादेखत शिवी नाही की चावटपणा नाही, आणि अंगाच्या, पोटाच्या गोष्टी तर तिच्या सावलीतही काढायच्या नाहीत. बहिणीचा मान भावाहून मोठा. भावाच्या मुलांना आत्याचा शब्द म्हणजे आज्ञा. कलाफीच्या लग्नात, मुलांच्या बारशात, पहिला मान वायमोआनाचा होता आणि तिने तो अगदी ताठ मानेने घेतला होता. भावाबहिणीचं एकमेकांवर प्रेम किती, तर नवी कोनफळं निघाली की त्यातली पहिली, सगळ्यांत मोठी, मांडीएवढाली कोनफळं तिच्या ओसरीवर यायची. कलाफी टोपली ठेवायचा, एकदा खोकायचा, आणि ती दार उघडेपर्यंत फाटकाबाहेर गेलेला असायचा. ती त्याच्या पाठीकडे बघायची आणि तिचं मन भरून यायचं.

तर बुधवारी सकाळी तिचा आवाज सुरू झाला की हा कलाफी उठून रेडिओ बंद करायचा. बहीण असलं काही बोलत असताना भावाने ऐकायचं, हे त्याच्या कल्पनेतही बसत नव्हतं. त्याची बायको लोसे कुरकुरायची, "अहो, जरा ऐकू द्या की, सगळ्या बायका ऐकतात." तो म्हणायचा, "माझी बहीण बोलतेय." झालं, विषय संपला. काव्ह्याच्या बैठकीत नक्कल रंगात आली असली आणि दारात कलाफी दिसला की सगळे एकदम रग्बीवर घसरायचे. बहिणीचं असं बोलणं कुणी भावासमोर काढेल, इतकं वाईट गाव ते नव्हतं.

म्हणजे बघा, जे ती वर्षानुवर्षं साऱ्या बेटांना ओरडून सांगत होती, रक्त पडलं तर मूळव्याध म्हणून घरात बसू नका, पन्नाशी उलटली की तपासून घ्या, ते ज्याच्या कानावर कधीच पडलं नाही असा अख्ख्या टोंगात बहुधा एकच माणूस होता. आणि तिला हे ठाऊक होतं! कलाफीच्या लेकीने, फानेने, एकदा हसत हसत सांगितलं होतं, "आत्या, तुमची वेळ झाली की बाबा रेडिओची मान पिरगाळतात." वायमोआनाने ते दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं होतं. "याला म्हणतात भाऊ," म्हणाली होती. तिला त्याचा अभिमान वाटला होता. पुढे तो अभिमान आठवला की ती हातातलं काम टाकून उठायची.

मे महिन्यातल्या मुलांच्या रविवारी पोरं नवे पांढरे कपडे घालून चर्चमध्ये पाठ म्हणत होती. वायमोआनाची नजर सहज पुरुषांच्या रांगेत गेली. कलाफीच्या कमरेला वडिलांची जुनी काथ्याची दोरी होती. ती दोरी तिने लहानपणापासून बघितलेली. तिची टोकं वडिलांच्या मांडीपर्यंत लोंबायची, कलाफीच्याही तिथपर्यंतच यायची. आज ती गुडघ्याच्या खाली आली होती, म्हणजे कंबर तेवढी बारीक झाली होती.

 पाठ कुणी म्हटले, कुठलं पोर अडखळलं, तिला काही कळलं नाही. नंतर जेवायला बसल्यावरही ती लांबून त्याच्याच पानाकडे बघत होती. डुकराच्या मांसाला त्याने हात लावला नाही. अळूच्या पानात नारळाचं दूध घालून भाजलेलं लू त्याचा जीव की प्राण, ते त्याने शेजारच्या पोराला दिलं. मधेच दोनदा उठून गेला. परत आला तेव्हा चेहरा राखेसारखा होता. ती उठून त्याच्यापाशी जाऊ शकली असती, "कलाफी, जेवत का नाहीस?" एवढं विचारू शकली असती. पण त्याच्या पुढचा प्रश्न तिला विचारता येणार नव्हता, आणि तोच विचारायचा होता.

दुसऱ्या दिवशी ती भावजयीकडे गेली. लोसे अंगणात कपडे वाळत घालत होती.

"लोसे, माझ्या भावाची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे की वन्सं. रानात फार राबतात, म्हणून उतरलेत जरा."

"जेवतो का नीट?"

"जेवतात."

"आणि..." वायमोआना थांबली. रोज दहा जणांना विचारायचा प्रश्न तिच्या जिभेवर येऊन अडकला. लोसे ओल्या चादरीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. चादर मधे होती म्हणून असेल, लोसेला थोडा धीर आला.

"वन्सं, मला काही विचारू नका. त्यांनी शपथ घातलीय. तुमच्या कानावर गेलं तर या घरात राहणार नाही म्हणालेत."

"काय गेलं तर?"

"काही नाही हो. मूळव्याध असेल. आम्ही पाल्याचं औषध देतोय." आणि बोलून गेल्यावर लोसेने दोन्ही हात तोंडावर दाबले. नणंदेसमोर नवऱ्याचं असलं काही बोललो, याची तिला धास्ती बसली.

"कधीपासून?"

"मागची कोनफळं लावली तेव्हापासून."

म्हणजे वर्ष होत आलं होतं. वर्षातल्या प्रत्येक बुधवारी वायमोआना रेडिओवर हेच सांगत होती. तिने खाली बसकण मारली, तिथेच, ओल्या गवतात.

"लोसे, मी सांगायची ना ग रेडिओवर..."

"आमच्याकडे तुमच्या वेळेला रेडिओ बंद असतो ना वन्सं," लोसे म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर वायमोआनाला बरं वाटलं असतं.

 मग वायमोआना म्हणाली, "हे बघ, मी माझ्या भावाविषयी बोलत नाहीये. एउआ बेटावर एक माणूस आहे."

"कोण?"

"आहे एक. नाव घेणार नाही. त्याला असाच त्रास आहे. त्याचं वजन उतरलंय. त्याला वाटतंय मूळव्याध आहे. पण ती मूळव्याध नसावी, अशी मला भीती आहे."

लोसेने चादर बाजूला केली आणि नणंदेच्या तोंडाकडे बघितलं. तिला कळलं. "मग त्या माणसाच्या बायकोने काय करावं वन्सं?"

"त्याला दवाखान्यात न्यावं. उद्याच्या उद्या."

"तो येणार नाही. त्या दवाखान्यात त्याच्या... त्याच्या फार मानाचं माणूस काम करतं."

वायमोआनाने आधी फानेला गाठायचं ठरवलं. आत्याची आज्ञा ती मोडणार नाही. पण लेकीनेही बापाशी असलं बोलायचं नसतं, आणि आज्ञा केली असती तर ती पोर दोन्हीकडून चिरडली असती. शेवटी तिने दवाखान्यातल्या माका नावाच्या नर्सला रानात पाठवलं. माका धडधाकट, तोंडाळ गडी, कलाफीबरोबर रग्बी खेळलेला. तो संध्याकाळी परत आला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"काय म्हणाला?"

"बाई, तुमच्यापुढे कसं सांगू?"

"एउआचा माणूस म्हणून सांग."

माकाला आधी काही उमगलं नाही. मग म्हणाला, "एउआचा माणूस म्हणाला की मी येतो, तपासून घेतो. पण ती तिथे असताना नाही. तिच्या छपराखाली मी कपडे उतरवणार नाही, त्यापेक्षा मेलेलं बरं म्हणाला."

आयुष्यभर लोकांच्या दंडाला धरून त्यांना दवाखान्यात आणणारी ही बाई, भावाने दवाखान्यात पाऊल ठेवावं म्हणून स्वतः दवाखाना सोडून गेली. तिने रजा टाकली, वावाऊ बेटावर चुलतबहिणीकडे लग्नाची तयारी आहे म्हणून सांगितलं आणि बोटीत बसली. धक्क्यावर माकाला एवढंच म्हणाली, "तपासताना त्याला एकटं ठेवू नकोस. आणि पिशवीची वेळ आली तर खूण करायला विसरू नकोस. दोरी बांधून बघायची."

"नाही विसरणार बाई. जा तुम्ही."

वावाऊला ती बहिणीबरोबर चटया विणायला बसली. हात चालायचे आणि मन टोंगाटापूच्या दवाखान्यात असायचं. आता रक्त घेतलं असेल, आता नळी घातली असेल, आता कलाफी भिंतीकडे तोंड करून पडला असेल आणि त्याला कुणी नारळ फोडून देत नसेल. विणलेलं चुकायचं, ती उसवायची, पुन्हा विणायची. बहीण विचारायची, "अग, कुठल्या तंद्रीत आहेस?" हिला सांगता येत नव्हतं. बिनओळखीच्या माणसांचा जीव जाताना ती त्यांच्या उशाशी बसली होती. आता आपल्या पाठच्या भावाच्या वेळी मधे समुद्र ठेवून बसायची वेळ आली, याचा तिला संताप येत होता. ही रीत ज्या कुणी केली त्याच्यावर, स्वतःवर, कलाफीच्या हट्टावर. पण बोटीत बसून परत जावं असं काही तिला वाटेना, कारण ती गेली असती तर तो उठून घरी गेला असता.

परतीच्या बोटीला माका धक्क्यावर आला होता. त्याच्या हातात टोपी होती, तेव्हाच ती समजली.

"आतडं एकाएकी बंद पडलं बाई. ताबडतोब पोट उघडावं लागलं. पिशवी लावलीय."

"यकृत?"

"तिथेही आहे."

"उपचाराला न्यूझीलंडला पाठवतील?"

त्याने नकारार्थी मान हलवली. तिला ते माहीतच होतं. इतक्या पुढे गेलेल्या माणसाला पाठवत नाहीत, हे तिनेच किती घरी जाऊन सांगितलं होतं. तरीही ती पुन्हा एकदा विचारून बघत होती.

"आणि खूण?"

माकाचं तोंड पडलं. "वेळच मिळाला नाही हो. दोरी बांधायला माणूस उभा तरी राहायला हवा ना. पिशवी अगदी दोरीखाली आलीय. माफ करा बाई."

"तुझी काय चूक," ती म्हणाली. आणि खरंच कुणाचीच चूक नव्हती. साऱ्या टोंगात तिने पोटांवर खुणा केल्या होत्या आणि या एका पोटावर ती करता आली नव्हती, कारण ते तिच्या भावाचं होतं.

कलाफी घरी आला, पण कमरेला चटई बांधता येईना. चटईशिवाय तो फाटकाबाहेर पडेना. चर्च सुटलं, काव्हा सुटला. त्यात पिशवी टिकेना. घातली की तासाभरात सुटायची, अंथरूण खराब व्हायचं, लोसे रडायची. एके दुपारी ती नणंदेकडे आली आणि दारातच म्हणाली, "वन्सं, एउआच्या माणसाची बायको फार वेंधळी आहे हो. तिला काही म्हणजे काही जमत नाही."

"ये, आत ये. ती काय करते ते सांग."

"धुते, पुसते. कातडी लाल झालीय म्हणून खोबरेल चोळते, आणि मग चिकटवते."

"खोबरेल!" वायमोआनाने कपाळावर हात मारून घेतला. "अग बये, तेलावर काही चिकटेल का? आपल्या लोकांना तेलाचा भारी सोस. मेलं तरी तेल, जन्मलं तरी तेल!" मग तिने दार लावलं, आतून एक पिशवी आणली, आपलं पोलकं वर केलं आणि भावजयीसमोर स्वतःच्या पोटावर ती पिशवी लावून दाखवली. आधी कोमट पाणी, नुसतं पाणी. मग कोरडं करायचं, टिपून. भोक मापाने कापायचं, सैल नाही. चकती हाताच्या उबेत धरायची आणि मग लावून तळव्याने दाबून धरायची. तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची, फुगेपर्यंत थांबायचं नाही.

"आता तू लाव."

लोसे जवळ सरकून बसली. नणंदेच्या पोटाला हात लावायचा, म्हणजे केवढी उलटी गंगा! तिने लावली, ती वाकडी लागली, काढताना वायमोआनाच्या तोंडून "आई ग" निघालं, आणि दोघी एकदम हसत सुटल्या. हसता हसता लोसे तिच्या खांद्यावर कोसळली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. वायमोआना तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या स्वतःच्या पोटाला ती रिकामी पिशवी तशीच चिकटलेली होती.

मग तिने एक चटई विणायला घेतली. मऊ, बारीक पट्ट्यांची, वर छातीखाली बांधता येईल अशी, म्हणजे दोरी पिशवीच्या बरीच वर बसेल. अशी चटई कुणी नेसत नाही, लोक बघतील, हे तिलाही माहीत होतं. फानेच्या हातून ती पाठवली. "बाबांना सांग, आत्याने विणलीय." बहिणीने विणलेली चटई नाकारायची त्याची काय बिशाद! पुढच्या रविवारी कलाफी चर्चमध्ये आला. चटई बगलेपर्यंत चढलेली, पोरं खुसखुसली. म्हातारे उआइसेले त्याला काही न विचारता हाताला धरून बँडच्या बाजूला घेऊन गेले आणि आपल्या शेजारी बसवलं. त्या दिवशी बँड जरा जास्तच जोरात वाजला. वायमोआना बायकांच्या रांगेत समोर बघत बसली, मान जराही वळवली नाही. पण तिला फार बरं वाटलं.

तो एकच रविवार. नंतर त्याला तेवढंही चालवेना. त्या वर्षीची कोनफळं शेजारपाजाऱ्यांनी मिळून लावून दिली. तो रानाच्या कडेला खुर्ची टाकून बसायचा आणि कुठला वेल कुठल्या काठीवर चढवायचा ते हाताने दाखवायचा. पुढे रानातही जाणं थांबलं. बुधवारी रेडिओ बंद करायला आता लोसे उठायची, कारण त्याला उठवत नव्हतं. त्याने नुसतं तिच्याकडे बघितलं की ती उठायची.

मग नोव्हेंबरात एक दिवस लोसे आली आणि ओसरीवरच बसली. आत ये म्हटलं तरी येईना.

"वन्सं, एउआचा माणूस एक विचारतोय."

"म्हणजे त्याची बायको विचारतेय."

"नाही. तो. त्याने स्वतः सांगितलं. म्हणाला, वायमोआनाला जाऊन विचार, एउआचा माणूस नवी कोनफळं काढायला असेल का."

 म्हणजे त्याला ठाऊक होतं. पहिल्यापासून की अलीकडे, कोण जाणे, पण तो एउआचा माणूस कोण आणि पिशवी लावायला लोसेला कुणी शिकवलं, सगळं त्याला ठाऊक होतं. आणि आज त्याने त्याच माणसाच्या आडून आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बहिणीला काही विचारलं होतं.

कोनफळं मार्च-एप्रिलमध्ये तयार होणार होती. तिला मनात हिशेब करायची गरजही नव्हती. माकाकडून रोज कळत होतं. पाय सुजले होते, डोळे पिवळे झाले होते. रोग्याला खोटं सांगायचं नाही, हा तिचा नेम होता. खोटं सांगितलं तर माणसाची राहिलेली कामं राहूनच जातात, असं ती नव्या नर्सांना बजावायची. ते किती सोपं होतं, दुसऱ्यांच्या भावांच्या बाबतीत! ती उठून मागच्या स्वयंपाकघरात गेली. चुलीपाशी उभी राहून पदर नसलेल्या आपल्या झग्याच्या बाहीत तोंड दाबून रडली. असं कर, त्याला 'हो' सांग, असं तिला दहा वेळा वाटलं.

बाहेर येऊन म्हणाली, "त्याला सांग, नाही."

"असंच सांगू?"

"असंच सांग. आणि हेही सांग की दुखणार नाही. औषध आहे, माका रोज येईल, मी त्याला दुखू देणार नाही. एवढं नक्की सांग."

लोसे गेली. वायमोआनाचा त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, आणि पुढच्याही कित्येक. भावाला मरण सांगायचं, तेही निरोपाने! आपण जवळ बसून त्याचा हात धरून सांगितलं असतं. परक्यांना तसंच सांगत आलो की. तिला कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती की टोंगात माझ्याइतका मान कुणाला नसेल आणि माझ्याइतकं बांधून कुणाला ठेवलं नसेल.

डिसेंबर उजाडला. एका सकाळी ती केस विंचरत होती आणि ओसरीच्या बाजूने खोकण्याचा आवाज आला. दमलेला, मधेच तुटलेला, पण त्याचाच. ती धावत दारापाशी आली.

फाटकाबाहेर शेजाऱ्याचा ट्रक उभा होता. पुढच्या सीटवर कलाफी बसला होता, तोंड रस्त्याकडे वळवून, तिने विणलेली चटई छातीशी बांधून. फाने ट्रकमध्ये चढत होती. ओसरीवर नारळाच्या झावळीची टोपली होती, आणि तिच्यात कोनफळं होती. बोटाएवढाली. काही तर करंगळीएवढी. माती ओली होती आणि हिरवे वेल अजून तसेच चिकटलेले होते. बहिणीला असली कोनफळं द्यायची म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही. अजून चार महिने जमिनीत राहायची ती कोनफळं त्याने सगळीच्या सगळी उपटायला लावली होती, तिची टोपली या वर्षी चुकू नये म्हणून.

ती पायरीपर्यंत गेली. तो तोंड फिरवून बसलेला असताना पायरीच्या पुढे जाता येत नव्हतं. तिने हाक मारली, "कलाफी!"

त्याने वळून बघितलं नाही. हात तेवढा खिडकीबाहेर काढला, आणि ट्रक निघून गेला.

तिने चूल पेटवली आणि ती कोनफळं उकडली. साल काढायला गेली तर सालीबरोबर सगळंच निघून यायला लागलं, म्हणून सालीसकट ताटात घेतली. पाणचट होती, कच्ची होती, घशाला खाजत होती. तिने एकही टाकलं नाही.